हरमनप्रीत नसेल त्या दिवशी गोल कोण मारणार? (फॉरवर्ड लाईनवरचा धागा)

राइट_इन
रविवार, डिसेंबर २०२५, रात्री ९:१०

मंडळी, ज्युनिअर वर्ल्ड कपचं कांस्य आलं, त्याआधी मलेशियातल्या अझलान शाह स्पर्धेचं रौप्य, सप्टेंबरात राजगीरला आशिया कप. वर्ष वाया गेलं असं कुणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट मला सारखी खुपतेय, आणि इथं हॉकी बघणारी चार डोकी आहेत म्हणून मांडतो. सोलापूरच्या पार्क चौकात हा विषय काढला की समोरचा दोन मिनिटांत रोहित-विराटवर येतो.

पॅरिस ऑलिम्पिकचे आकडे घेऊन बसलो होतो. आठ सामने, भारताचे १५ गोल. त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे, म्हणजे मागच्या फळीतून येऊन पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्या आपल्या कप्तानाचे. उरले पाच. त्यातला एक विवेक सागरचा, तो मिडफिल्डर. म्हणजे पाच फॉरवर्ड मिळून चार गोल: अभिषेक दोन, मनदीप एक, सुखजीत एक. ललित आणि गुरजंतच्या नावावर एकही नाही.

आता नोव्हेंबरचा अझलान शाह घ्या. हरमनप्रीत संघात नव्हता, संजय कप्तान. कॅनडाला १४ गोल मारले तेव्हा आपल्या ग्रुपवर काय तो जल्लोष. मग फायनलला बेल्जियम समोर आलं आणि आपण ०-१. चौदावरून शून्यावर यायला एक दिवस पुरला.

माझं म्हणणं एवढंच की फॉरवर्ड आपल्याकडे ढिगाने आहेत, पण सगळे एकाच साच्यातले. पळतात छान, प्रेस करतात (समोरच्यावर चढून चेंडू हिसकावतात), चेंडू २३ मीटरच्या रेषेपलीकडे नेतात. पण गोलकीपरच्या पुढ्यात ठाण मांडून, पाठीवर बॅकचा कोपर खात स्टिक जमिनीला लावून उभा राहणारा कोण? वाढपी भरपूर आणि आचारी एकच, तोही मागच्या फळीत.

ऑगस्ट २०२६ ला वर्ल्ड कप, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये. तुमचे पाच फॉरवर्ड सांगा. नुसती नावं नकोत, कारण पण द्या.

---

बे_बोल_की
रविवार, रात्री ९:२६

काय बे भाऊ, पोरांनी लागोपाठ दोन ऑलिम्पिकला ब्राँझ आणलं तरी तुझं रडगाणं चालूच का?

पेनल्टी कॉर्नर काय आभाळातून पडतोय का? कोण तरी डीत, म्हंजे गोलपुढच्या अर्धगोलात, घुसतंय, कुणाच्या तरी पायाला चेंडू लावतंय, तवा अंपायर हात करतोय, आन मग हरमनप्रीत येतोय की आरामात मारायला. मेहनत एकाची, नाव दुसऱ्याचं. तू नुसता स्कोअरबोर्ड वाचून राह्यलास.

आन ऑस्ट्रेलियाला ३-२ नं हाणलं ते विसरला का? १९७२ नंतर पहिल्यांदा ऑलिम्पिकला हरवलं त्यांना. पहिला गोल कुणाचा? अभिषेकचा. मैदानी, कॉर्नरवरचा नाय, चालत्या खेळातला. रिप्ले बघ लेका.

---

डी_बाहेरचा
रविवार, रात्री ९:५१

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण वाद चुकीच्या आकड्यावर चाललाय.

फॉरवर्डचं माप नुसत्या गोलात काढलं तर पॅरिसमधला सगळ्यात चांगला सामना हिशेबातच येत नाही. ब्रिटनविरुद्धचा क्वार्टर फायनल आठवा. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. तिथून पुढं जवळजवळ पाऊण तास आपण दहा जणांनी खेळलो. १-१ वर सामना रोखला तो फक्त गोलकीपर श्रीजेशने नाही. फॉरवर्ड स्वतःच्या डीपर्यंत मागे येऊन टॅकल करत होते, आणि चेंडू मिळाला की एकट्याने कोपऱ्यात नेऊन वेळ काढत होते. मग शूटआउट ४-२. मारले कुणी? हरमनप्रीत, सुखजीत, ललित, राजकुमार पाल. चारातले दोन फॉरवर्ड. ज्या ललितला राइट_इन शून्य गोलवाला म्हणतायत, तोच.

कोच क्रेग फुल्टन आल्यापासून खेळाची पद्धतच अशी आहे: आधी गोल खायचा नाही, मग मारायचा. त्या पद्धतीत फॉरवर्ड हा पहिला बचावपटू. त्याचा दम चेंडू हिसकावण्यात जातो. डीत पोचेपर्यंत त्याच्या पायात शिसं भरलेलं असतं, म्हणून शेवटचा फटका गोलकीपरच्या पॅडवर जातो.

पण राइट_इन यांचा दुसरा मुद्दा मला पटतो. २०२३ चा वर्ल्ड कप बघा, ओडिशाचा. हरमनप्रीतचं फ्लिक, म्हणजे कॉर्नरवरचा त्याचा फटका, चालत नव्हतं. इंग्लंडशी ०-०. मग वेल्सला मोठ्या फरकाने हरवायचं होतं, तर कसंबसं ४-२. इंग्लंडचे आणि आपले गुण सारखे, गोलफरकात ते वर, आणि आपण क्रॉसओव्हरला, म्हणजे क्वार्टर फायनलआधीच्या बादफेरीला. तिथं न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ने पुढे असून ३-३, आणि शूटआउटमध्ये बाहेर. त्यात इंग्लंडच्याच सामन्यात मिडफिल्डर हार्दिक जखमी झाला होता. त्याची जागा भरणारा मिळाला नाही, आणि पुढच्या फळीला चेंडू पुरवणारा हातच गेला.

म्हणून माझा प्रश्न असा: फॉरवर्ड लाईनची खोली मोजताना आपण फॉरवर्डच का मोजतो? त्यांच्या मागचा पुरवठा कोण मोजणार?

---

रेल्वे_लाईन्सवाले_काका
रविवार, रात्री १०:१५

पोरांनो, तुमचे आकडे वाचून डोळे दुखले.

धनराज पिल्लेला तुमच्यातल्या किती जणांनी समोर खेळताना पाहिलंय? चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप खेळला आपला खडकीचा माणूस. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिकला दोरी बांधून शिकलेला. १९९८ ला बँकॉक एशियाडचं सुवर्ण आणलं कर्णधार म्हणून. त्याच्या पायात चेंडू आला की समोरचे बॅक मागे सरकायचे, कारण टॅकलला गेलं की हसं व्हायचं हे त्यांना ठाऊक होतं. आता कोण सरकतो मागे? आताची पोरं डीच्या कडेला आली की बॅकचा पाय शोधतात. ड्रिबलिंग मेलं, सगळा हिशेब पायाचा.

अन् ते प्रेस की काय म्हणता, त्याला आमच्या वेळी पळापळ म्हणायचे.

---

बे_बोल_की
रविवार, रात्री १०:२२

काका, नमस्कार. धनराज देव माणूस, वाद नाय. पण धनराज असताना ऑलिम्पिकचं मेडल किती आलं? एक बी नाय. पाय शोधून दोन आले. मग?

---

रेल्वे_लाईन्सवाले_काका
रविवार, रात्री १०:३१

सिडनीला २००० साली पोलंडने शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी केली नसती तर सेमीफायनल होती. तो गोल फॉरवर्डने खाल्ला का? मागच्यांनी खाल्ला. तुझा जन्म झाला होता का रे तेव्हा?

---

अक्का_जुळेसोलापूर
रविवार, रात्री १०:४८

नेहमीप्रमाणे अख्खा धागा पुरुषांच्या संघावर. चालू द्या. पण खोलीचा प्रश्न खरा कुठे चटके देतो ते बघायचं असेल तर जरा इकडे या.

नोव्हेंबर २०२४, राजगीर, महिलांची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी. दीपिकाचे ११ गोल, स्पर्धेत सगळ्यात जास्त. फायनलला चीनविरुद्ध १-०, तो गोलही तिचाच. दीपिका फॉरवर्ड आहे आणि ड्रॅगफ्लिकही तीच मारते. म्हणजे तुमचा हरमनप्रीत आणि तुमचा अभिषेक एकाच मुलीत. ऐकायला छान वाटतं ना?

आता सप्टेंबर २०२५, हांगझोऊ, आशिया कप. दीपिका दुखापतीमुळे नाही. फायनलला पुन्हा चीन. पहिल्याच मिनिटाला नवनीतने गोल मारला, मी इथे घरात ओरडले, आणि शेवटी १-४. जिंकलो असतो तर वर्ल्ड कपचं थेट तिकीट होतं. एक मुलगी नाही तर फॉरवर्डही गेली आणि कॉर्नरही गेला.

वंदना कटारिया एप्रिल २०२५ ला निवृत्त झाली. ३२० सामने, १५८ गोल. राणी रामपाल त्याच्या आधीच गेलेली. या दोघी खेळत होत्या तेव्हाच मागे कोण आहे हे बघायला हवं होतं. जानेवारी २०२४ ला रांचीत जपानकडून ०-१ हरून पॅरिस हुकलं, तेव्हाही गोल मारायलाच माणूस नव्हतं.

आपल्या भागासाठी एक बरी बातमी: ऋतुजा पिसाळ फॉरवर्ड म्हणून वरच्या संघात आलीय, साताऱ्याकडची. वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातली, मिडफिल्ड. माळशिरस ओलांडलं की फलटण. तिथली शेतकऱ्याची पोर भारताची जर्सी घालते आणि आपण सोलापुरात आठशे वर्षांपूर्वीची कारणं सांगत बसतो.

---

पुण्यात_अडकलेला
रविवार, रात्री ११:०५

अक्कांना शंभर टक्के अनुमोदन. दीपिकाचं उदाहरण पुरुषांनाही लागू पडतं. अरैजीत हुंदल बघा, फॉरवर्ड असून फ्लिक मारतो. २०२४ च्या ज्युनिअर आशिया कपच्या फायनलला पाकिस्तानविरुद्ध आपण ५-३ जिंकलो, त्यात चार गोल त्याचे. असा एक मोठ्या संघात असला तर बेंचवर एक जागा वाचते. ऑलिम्पिकला १६ च खेळाडू नेता येतात. एक जागा म्हणजे सोनं.

आणखी एक. परवाचं ज्युनिअर कांस्य. अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ ने मागे, आणि शेवटच्या अकरा मिनिटांत चार गोल. मी इथे पिंपरीत मित्राच्या घरी बघत होतो, खालच्या मजल्यावरचे वर विचारायला आले काय झालं म्हणून. पण आता शांत डोक्याने बघा: शेवटचे दोन गोल शारदानंद तिवारी आणि अनमोल एक्काचे. दोघंही बचावफळीतले. म्हणजे मोठ्या संघाचा आजार खालीही तोच. ज्युनिअरचा कोच आता श्रीजेश, तो उत्तम प्रशिक्षक होईल, पण गोलकीपरने फॉरवर्ड घडवायचे म्हणजे...

---

डी_बाहेरचा
रविवार, रात्री ११:१९

गोलकीपरला नक्की माहीत असतं त्याला कोणत्या फॉरवर्डची भीती वाटते. मला तर ही नेमणूक त्यासाठीच आवडली.

---

राइट_इन
सोमवार, सकाळी ७:४०

रात्री झोपलो तर इथं धनराजपासून दीपिकापर्यंत सगळं होऊन गेलं. एकेकाला उत्तर देतो.

बे_बोल_की: कॉर्नर फॉरवर्ड मिळवून देतात हे मान्य. पण कॉर्नर मिळवणं ही कला आहे तशी पळवाटही आहे. डीत शिरल्यावर रिव्हर्स (उलट्या स्टिकचा फटका) मारायला अर्धी संधी असते, तेव्हा आपला पोरगा मान वर करून गोल बघत नाही, खाली बॅकचे बूट बघतो. ही सवय आहे, आणि सवय तेव्हाच लागते जेव्हा मागे दहा वेळा फ्लिक मारणारा आहे अशी खात्री असते. हरमनप्रीत नसला की तीच सवय अंगाशी येते. जूनमधली युरोपातली प्रो लीग आठवा. लागोपाठ सात पराभव, त्यातले बहुतेक एकेका गोलाने. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांशी तेच. नऊ संघांत आठवे. एका गोलाने हरणारा संघ वाईट नसतो, त्याला एक माणूस कमी पडत असतो.

डी_बाहेरचा: पुरवठ्याचा मुद्दा बरोबर. पण मग राजगीरची फायनल काय सांगते? कोरियाविरुद्ध ४-१. पहिल्याच मिनिटाला सुखजीत, मग दिलप्रीतचे दोन, शेवटी रोहिदास. चारातले तीन फॉरवर्डचे. म्हणजे पोरांत आहे. त्यांना तिथं मोकळं सोडलं होतं, कारण कोरियाची भीती नव्हती. बेल्जियम समोर आलं की आपण पुन्हा मागे.

आणि दिलप्रीतची गोष्ट जरा नीट ऐका, खोलीचा अर्थ तिच्यात आहे. टोकियोला ब्रिटनविरुद्धच्या क्वार्टर फायनलमध्ये ३-१ जिंकलो, तिन्ही गोल मैदानी: दिलप्रीत, गुरजंत, हार्दिक. त्यानंतर पॅरिसच्या सोळात दिलप्रीत नाही. मग परत येऊन आशिया कपच्या फायनलला दोन गोल. मधल्या काळात तो कुठं होता, काय खेळत होता, कुणाला पडलीय? हुकमी माणूस संघाबाहेर असताना तयार ठेवणं, त्याला खोली म्हणतात. यादीत नावं वाढवून ती येत नाही.

---

डी_बाहेरचा
सोमवार, सकाळी ८:१२

मग सिमरनजीतचं नाव घ्याच. टोकियोला तो मूळ सोळात नव्हताच, राखीव होता. कोविडमुळे ऑलिम्पिक समितीने राखीव खेळाडूंनाही खेळवायची मुभा दिली, म्हणून तो मैदानात आला. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध १-३ ने मागे असताना ५-४ ने जिंकलो, त्यात दोन गोल सिमरनजीतचे. ४१ वर्षांनंतरचं पदक, आणि नेहमीच्या नियमाने तो माणूस स्टँडमध्ये बसून टाळ्या वाजवत असता.

तो तर पुढे पॅरिसला नव्हताच.

---

बे_बोल_की
सोमवार, सकाळी ८:३०

हे मातूर लागलं बे मनाला.

---

अक्का_जुळेसोलापूर
सोमवार, दुपारी १:०५

राइट_इन दादा, तुमचा "डीत ठाण मांडणारा" कुठून येणार ते मला सांगा. शाळेत असताना मी फॉरवर्ड खेळले आहे, म्हणून बोलते.

आपल्याकडे मैदान म्हणजे मुरूम. उन्हाळ्यात त्यावर चालताना कानशिलं तापतात. तिथं चेंडू सरळ येतच नाही. खडा लागला की गुडघ्यापर्यंत उडतो. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं काय, तर स्टिक उभी धर, चेंडू आधी थांबव, मग बघ. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, उलटं. तिथं चेंडू पाण्यावरून सुळकन येतो, स्टिक आडवी जमिनीला लावली की नुसता स्पर्श पुरतो, दिशा बदलली की गोल. लांबच्या खांबापाशी अंग झोकून स्टिक पुढे करायची, ही फॉरवर्डची अर्धी कमाई. मुरमावर अंग झोकून बघा एकदा. आमच्यातल्या एकीने झोकलं होतं. गुडघ्यापासून नडगीपर्यंत साल गेली, आणि तिच्या आईने दुसऱ्या दिवशी स्टिक माळ्यावर टाकली.

म्हणजे ज्या वयात तो स्पर्श हातात बसायचा, त्या वयात आपली पोरं थांबवायला शिकतात. मग सोळाव्या-सतराव्या वर्षी बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनीत गेली तर शिकलेलं आधी विसरायला लागतं. चेंडू थांबवला की तोपर्यंत बॅक अंगावर. उशीर झाला.

धावणं कुठल्याही मैदानावर शिकता येतं. म्हणून आपल्याकडे धावणारे भरपूर.

---

रेल्वे_लाईन्सवाले_काका
सोमवार, दुपारी १:४०

बाई, धनराज मातीवरच शिकला.

---

अक्का_जुळेसोलापूर
सोमवार, दुपारी १:४४

हो काका. आणि धनराजचा खेळ चेंडू पायात घेऊन माणसं चकवण्याचा होता, तो मातीवर शिकता येतो. मी डिफ्लेक्शनचं, नुसत्या स्पर्शाने दिशा बदलण्याचं, बोलतेय. एवढा मोठा देश, एक धनराज मातीतून उगवला. बाकीच्यांसाठी टर्फ लागतो.

---

पुण्यात_अडकलेला
सोमवार, दुपारी २:२०

अक्कांची ही पोस्ट वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

पिंपरीला नेहरूनगरमध्ये मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे, पॉलिग्रास. संध्याकाळी कधी गेलो तर तिथली बारा-तेरा वर्षांची पोरं हेच करत असतात. एक जण बेसलाइनवरून जोरात पुश करतो, दुसरा लांबच्या खांबापाशी पालथा पडून टोक लावतो. दहातले सात हुकतात, उठतात, ओल्या कपड्यांनी पुन्हा रांगेत. त्यांना पडायची भीतीच नाही. आपल्या सोलापूरच्या पोराला पायात दम त्यांच्या दुप्पट असेल, पण तो उभाच राहणार.

---

बे_बोल_की
सोमवार, दुपारी ३:०२

अक्का, मैदानाचं बरोबर. पण पंजाब-हरियाणा-ओडिशाच्या पोरांना टर्फ हाय की. सुंदरगडला हाय, जालंधरला हाय. तिकडनं बी आचारी येईना. मग?

---

अक्का_जुळेसोलापूर
सोमवार, दुपारी ३:३०

चांगला प्रश्न विचारलास. याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही, पण एक सांगते. टर्फ असला तरी तिथंही शाळा, अकादमी सगळे आधी फ्लिकर शोधतात. उंच, मजबूत पोरगा दिसला की बॅक. कारण स्पर्धा कॉर्नरवर जिंकता येते आणि कोचला स्पर्धा जिंकायची असते. उरलेले चपळ फॉरवर्ड. त्यांना सांगतात काय? कॉर्नर घेऊन ये. सुरुवातीला बे_बोल_की तूच म्हणालास ना, मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचं? चौदा वर्षांच्या पोराला पण ते कळतं.

---

डी_बाहेरचा
सोमवार, संध्याकाळी ६:१५

याला लीगवाल्यांनी एकदा हात घातला होता. २०१६ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मैदानी गोल मारला तर दोन गोल धरायचे. तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली, स्कोअर बास्केटबॉलसारखे दिसतात म्हणून. पण फॉरवर्ड डीत पाय शोधायचा थांबला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शालेय आणि ज्युनिअर स्पर्धांना असा नियम लावून बघायला काय हरकत आहे? मोठ्यांना नको, आंतरराष्ट्रीय नियम वेगळे.

लीग जानेवारीत परत सुरू होतेय, तीही यासाठी बघा. प्रत्येक संघात परदेशी खेळाडूही असतात. डीतल्या मोक्याच्या जागेवर परदेशी फॉरवर्ड उभा आणि आपला पोरगा बाजूने पळतोय असं दिसलं तर समजा उत्तर मिळालं. २०२४ च्या लिलावात अभिषेकला ७२ लाख मिळाले, हरमनप्रीतच्या ७८ लाखांच्या खालोखाल. बाजाराला फॉरवर्डची किंमत कळते. निवड समितीचं बघू.

---

धागापाल
सोमवार, संध्याकाळी ७:००

सूचना: कृपया निवड समितीतल्या व्यक्तींविषयी नावानिशी शेरेबाजी नको. एक प्रतिसाद उडवला आहे, कुणाचा ते त्यांना माहीत आहे. क्रिकेटवरचे दोन प्रतिसाद क्रिकेटच्या धाग्यावर हलवले आहेत.

---

राइट_इन
सोमवार, रात्री ९:३०

आता मुद्द्यावर या, पाच नावं अजून एकानेही दिली नाहीत.

त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. वर्ल्ड कप १५ ते ३० ऑगस्ट. एशियाड जपानला १९ सप्टेंबरपासून. मध्ये तीन आठवडेही नाहीत, आणि एशियाडचं सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिसचं थेट तिकीट. २०२३ ला हांगझोऊमध्ये आपण ६८ गोल मारून ते घेतलं होतं. म्हणजे खरी खोली ऑगस्ट-सप्टेंबरात दिसणार. हॅमस्ट्रिंग कुणाची विचारून ताणत नाही. ललित जूनमध्येच निवृत्त झाला. मनदीप तिशी ओलांडलेला. गेल्या वेळची फळी तशीच्या तशी पुढे ढकलता येणार नाही.

माझे पाच: अभिषेक, सुखजीत, दिलप्रीत, हुंदल आणि सेल्वम कार्ती. अभिषेक कारण तो एकटा डीच्या आत शिरताना मान वर करतो. सुखजीत दोन्ही बाजूंना चालतो, शूटआउटलाही. दिलप्रीत लांबच्या खांबासाठी, बाकी काही काम त्याला देऊ नका, प्रेसला मागेही बोलवू नका. हुंदल दुसरा फ्लिकर म्हणून. कार्ती वेगासाठी, शेवटच्या क्वार्टरला. आदित्य लालगे महाराष्ट्राचा म्हणून मन ओढतं, पण त्याला आधी प्रो लीगमध्ये मोठे सामने द्या.

---

रेल्वे_लाईन्सवाले_काका
सोमवार, रात्री ९:४४

मनदीप नाही? वर्ल्ड कपला पाच पोरं आणि एकही जाणता नाही? न्यूझीलंडविरुद्ध पॅरिसला पहिला सामना आठव. आपण ०-१ ने मागे, सगळे गडबडलेले. बरोबरीचा गोल मनदीपचा. गोलकीपरच्या पुढ्यात पडलेला चेंडू. तू काल रात्रीपासून जो माणूस शोधतोयस तो हाच, आणि तूच त्याला घरी बसवतोस.

---

डी_बाहेरचा
सोमवार, रात्री ९:५८

काकांचा पॉइंट आहे. हुंदलच्या जागी मनदीप. दुसरा फ्लिकर जुगराज आणि रोहिदास मागे आहेतच, फॉरवर्डमध्ये तिसरा कशाला? आणि दिलप्रीतला प्रेसमधून सूट दिली तर फुल्टनची सगळी रचना दहा जणांवर येते. ब्रिटनविरुद्ध दहा जणांनी खेळलो ते नाइलाज म्हणून. दर सामन्याला मुद्दाम कोण खेळेल?

---

राइट_इन
सोमवार, रात्री १०:१०

सूट साठ मिनिटं नाही म्हणालो. बदल हवे तितके करता येतात, फॉरवर्ड पाच-सहा मिनिटांनी आत-बाहेर होतातच. दिलप्रीत आत असताना प्रेस खाली घ्या, तो बाहेर आला की वर ढकला. बेल्जियम आणि नेदरलँड्स माणूस बघून प्रेस बदलतात, आपल्याला काय अवघड?

मनदीपवर काकांशी भांडण नाही. पण मग कुणाला काढू? कार्तीला काढलं तर शेवटच्या दहा मिनिटांत वेग कुठला?

---

पुण्यात_अडकलेला
सोमवार, रात्री १०:२५

सुखजीतला काढा.

---

बे_बोल_की
सोमवार, रात्री १०:२७

सुखजीतला??? अबे तू पुण्यातच राहा. राजगीरच्या फायनलला पहिल्या मिनिटाला गोल, पॅरिसच्या सेमीला जर्मनीला बरोबरीचा गोल, शूटआउटला गोल. मोठ्या सामन्यात अजून काय करायचं त्यानं, गोलकीपर पण उभा राहायचा का?

माझी यादी: अभिषेक, सुखजीत, दिलप्रीत, मनदीप, कार्ती. हुंदल राखीव, सिमरनजीतसारखा. काकांना मनदीप मिळाला, तुला तुझा डीवाला मिळाला, वेगाला कार्ती. आन अक्का, तुमच्या बायकांच्या संघाचे पाच टाका आता, दीपिका धरून एक आन न धरून एक.

---

अक्का_जुळेसोलापूर
सोमवार, रात्री १०:५०

दीपिका धरून: दीपिका, नवनीत, लालरेमसियामी, संगीता, ब्युटी डुंगडुंग. ब्युटी-संगीता यांच्यात रांचीच्या प्रेक्षकांसारखी मी पण पक्षपाती आहे, दोघी हव्यात.

दीपिका न धरून: तिच्या जागी ऋतुजा. आणि ऋतुजा आली तर कॉर्नर कोण मारणार हे ज्याला सांगता येईल त्याने आधी सांगा, मग पुढचं बोलू. नवीन धागा काढतेय उद्या, तिथं या. तिथं धनराज नको काका.